मामा, गाडीखाली मला यायचं होतं

मामा, तुमच्या अंत्ययात्रेत मला खांदा देऊ दिला नाही. मी पुढं झालो होतो. शर्टाच्या बाह्या वर सारल्या होत्या, चपला दारातच काढल्या होत्या. तेवढ्यात वस्तीतल्या एका जाणत्या माणसानं माझा दंड धरला आणि मला अगदी मायेनं बाजूला केलं. "पावणे, तुमी मागून या," तो म्हणाला. "जावयाला कामाला लावलं तर मामा उठून बसतील."

त्या अवस्थेतही मला हसू आलं, कारण त्याचं बोलणं खोटं नव्हतं. उठून बसायची तुमची तयारी होतीच. अंगावरचं फडकं झटकून तुम्ही पहिलं काय म्हणाला असतात, तेही मला ठाऊक आहे. "जावईबापू उभे काहून? बसायला द्या कुणी तरी."

म्हणून मी मागून आलो. पुढं चौघं तुम्हाला घेऊन चालले होते आणि मी वीस पावलं मागं, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, पाहुण्यासारखा. तीन वर्षं मी तुमच्या घरात तसाच वागवला गेलो. तुमच्या शेवटच्या दिवशी तरी ते चुकेल असं मला वाटलं होतं.

आज तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. हिंगोलीच्या कचेरीतून मी रजा वाढवून घेतली आहे आणि कमलबरोबर इथंच, वसमतला तुमच्या घरी राहिलो आहे. मामी दिवसभर काही ना काही निवडत बसतात. अंगणात गाडी उभी आहे. लोक भेटायला येतात, आधी गाडीला हात लावतात आणि मग आत येतात. मला त्यांचा हेवा वाटतो. तुम्ही होता तेव्हा मला कधी तिला हात लावू दिला नाहीत.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवते का? लग्नात आपण भेटलो ते खरं नाही. लग्नात तुम्ही फेटा बांधून माझ्यासमोर सारखे हात जोडत होता. ती काही भेट नव्हे. पहिली भेट झाली ती दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी, मी पहिल्यांदा सासुरवाडीला आलो तेव्हा. बसमधून उतरून कमल आणि मी अंगणात शिरलो, तर समोर एक भलं मोठं गंजकं धूड. त्याच्या खिडकीतून कोंबड्या ये-जा करत होत्या आणि खालून दोन काळे पाय बाहेर आले होते. "बाबा, पावणे आले," कमल म्हणाली. आतून काही तरी डोक्याला आपटल्याचा आवाज आला. तुम्ही सरपटत बाहेर आलात. हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. ते मला लागू नयेत म्हणून पाठीमागं धरलेत आणि नुसत्या मानेनं जयभीम केलात. मग घरात तोंड करून ओरडलात, "खुर्ची आणा!"

खुर्ची घरात नव्हतीच. ती शेजारच्या मास्तरांकडून आली. लोखंडी, घडीची. त्यावर मामींनी गोधडी दुमडून टाकली. ती लिंबाच्या सावलीत, गाडीपासून बरोबर चार हातांवर ठेवली गेली, आणि पुढची तीन वर्षं मी जेव्हा जेव्हा आलो तेव्हा तिथंच बसलो. मास्तरांनी शेवटी ती खुर्ची परत मागायचं सोडून दिलं.

त्या दिवशी चहा पिता पिता मला गाडीची सगळी हकीकत कळली. ती जुनी, विलायती बांधणीची. निजामाच्या राज्यात दवाखान्याचे डॉक्टर तिच्यातून गावोगाव फिरायचे आणि तुम्ही ती हाकायचात. मागं औषधांची कपाटं, मध्ये डॉक्टरांचं बाक, पुढं तुम्ही. पुढं राज्य बदललं, दवाखान्याला जीप आली आणि ही गाडी दवाखान्याच्या मागं पडून राहिली. तुम्ही हळदीच्या अडत्याचा ट्रक चालवू लागलात, पण येता-जाता तिच्याकडं नजर टाकायचात. अखेर ती भंगारात निघाली, तेव्हा तुमची ट्रकची नोकरीही संपली होती. दोन बैलजोड्या लावून तुम्ही ती ओढत घरी आणलीत. "मी दार लावून घेतलं होतं," मामी आतून म्हणाल्या. "म्हणलं, आता ह्यो माणूस अन् ह्यो डबा, दोघं बी बाहेरच राहा."

मी विचारलं, "मामा, या गाडीचं करणार काय?"

"चालवणार," तुम्ही म्हणालात. एवढंच. जणू मीच खुळ्यासारखं काही विचारलं होतं.

मग मी उठलो आणि म्हणालो, "मीही हात लावतो." तुमचा चेहरा असा पडला, मामा! जणू मी घरातलं काही उचलून नेतोय. "न्हाई न्हाई जावईबापू. तुमी बसा. कपडे खराब होतील."

कपडे खराब व्हायलाच मला हवे होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, आता सांगतो. मी पाळण्यात असताना माझा बाप गेला. पुसेगावात चुलत्यानं मला वाढवलं. त्या भल्या माणसानं मला कधी उणं पडू दिलं नाही, पण तो माझ्यावर कधी रागावलाही नाही. त्याच्या पोरांना तो चिंचेच्या फोकानं फोडून काढायचा आणि मला म्हणायचा, "बापाविना लेकरू हाय, त्याला काय बोलायचं." चूक माझी असली तरी मार दुसऱ्याला. त्या पोरांना वाटायचं मी भाग्यवान. मी भिंतीआड उभा राहून ऐकायचो आणि मला वाटायचं, मी या घरातला नाहीच. लग्न ठरलं तेव्हा कमलच्या आधी मला आनंद झाला तो सासऱ्याचा. तुम्हाला मुलगा नव्हता, मला बाप नव्हता. मला वाटलं, जमलं. आणि तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत.

तरीही ती वर्षं किती सुंदर होती. महिन्या-दोन महिन्यांनी मी यायचो आणि दर खेपेला गाडी थोडी थोडी जिवंत झालेली असायची. इंजिन जाम झालं होतं तर तुम्ही आठ दिवस त्याला वरून घोट घोट रॉकेल पाजत बसलात. रोज सकाळी जाऊन इंजिन फिरवायच्या हँडलला हलकासा धक्का द्यायचात, नाही हललं की परत यायचात. नवव्या दिवशी ते बोटभर हललं. ते तुम्ही मला कार्डावर कळवलंत, कमलच्या मैत्रिणीकडून लिहून घेऊन. "कुशल. इंजिन बोटभर हललं." मी ते कार्ड कचेरीत तीन जणांना दाखवलं. कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

वाळवीनं खाल्लेला सांगाडा काढून तुम्ही बाभळीच्या फळ्या बसवल्यात. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं तो इतका हळू ठोकायचात, की शेजारची बाळंतीण उठत नसे. सुटा केलेला प्रत्येक नट मामींच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून ओळीनं खुंटीला टांगलेला. बाकासाठी कापूस हवा होता, तेव्हा मामींनी नव्या गादीसाठी पिंजून ठेवलेला कापूस तुम्ही हळूच पळवलात. त्या दिवशी घरात जे झालं ते मी खुर्चीवरून पाहिलं. मामी तुम्हाला काय काय बोलल्या! तुम्ही मान खाली घालून ऐकत होता आणि मध्येच माझ्याकडं बघून डोळा मारलात. मग त्यांच्या लक्षात आलं की जावई बसलेत, आणि त्या एकदम पदर सावरून आत गेल्या. मी गप्प बसलो नसतो तर बरं झालं असतं. "मामी, चालू द्या," असं म्हणायला हवं होतं.

बाकाखाली मेणकापडात गुंडाळलेलं पुस्तक सापडलं आणि मला काम मिळालं. गाडीचं इंग्रजी पुस्तक, पानं सुटी झालेली. तुम्हाला उर्दूची थोडीफार ओळख होती, इंग्रजी मुळीच नाही. तुम्ही ते पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलंत. "पाना माझा, कागद तुमचा," तुम्ही म्हणालात. जावयाला शोभेल असं काम अखेर तुम्हाला सापडलं होतं. मी खुर्चीवरून वाचायचो, मराठी करून सांगायचो आणि तुम्ही गाडीखालून "बराबर" म्हणायचात. आता मला कळतं, तुम्हाला त्यातलं एकही अक्षर नवीन नव्हतं. सगळी गाडी तुमच्या हातात होती. माझं वाचणं तुम्ही माझ्यासाठी ऐकत होता.

आता त्या दिवसाबद्दल बोलू या. आपण दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

गाडी पहिल्यांदा सुरू करायची होती. मीच मोठेपणा करून पुसेगावहून चुलत्याला बोलावून घेतलं होतं, कचेरीतले दोघं आणले होते. वस्ती तर झाडून जमली होती. स्टिअरिंगच्या मधोमध एक छोटी दांडी आहे. इंजिनात ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे त्या दांडीनं ठरतं. हँडल मारून गाडी सुरू करताना ठिणगी उशिरा पडली पाहिजे. लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल मारणाऱ्याचा हात मोडतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की मला इंग्रजी येतं.

तुम्ही दांडी खाली ओढलीत. मी पुस्तक उघडून खुर्चीवरून उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, दांडी वर हवी."

तुम्ही थांबलात. "जावईबापू, परत एकदा वाचा की."

मी परत वाचलं. आधी इंग्रजीतून, मोठ्यानं, मग मराठीतून. गाडी रस्त्यावर धावत असतानाची ओळ मी सुरू करतानाची म्हणून वाचत होतो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग माझ्या चुलत्याकडं पाहिलंत. तो अभिमानानं मान डोलावत होता. "बराबर हाय," तुम्ही म्हणालात, दांडी वर केलीत, पुढं गेलात आणि हँडल धरलंत.

पुढचं मला नीट आठवत नाही. बंदुकीसारखा आवाज झाला आणि तुम्ही जमिनीवर बसलात. मनगट वेडंवाकडं झालं होतं. मी धावत आलो तर तुम्ही डाव्या हातानं मला थोपवलंत आणि जमलेल्या लोकांकडं बघून हसलात. "हात म्हातारा झाला," तुम्ही म्हणालात. "हँडल निसटलं." दवाखान्यात पलस्तर घालणाऱ्यालाही तेच सांगितलंत. चुलता तर परतताना मला म्हणाला, "तुझं इंग्रजी झ्याक हाय, पण म्हाताऱ्याला आता झेपत न्हाई."

आणि मी ते मानलं, मामा! हँडल निसटलं यावर मी विश्वास ठेवला. दीड महिना तुमचा हात गळ्यात होता आणि मी तुम्हाला सुनावत होतो की या वयात हे धंदे करू नयेत.

त्याच दिवसांत एका दुपारी मी तुमची बिडी पेटवून दिली. एका हातानं तुम्हाला काडी ओढता येत नव्हती. तेवढ्यानंही तुम्ही ओशाळलात. मी चिडलो. म्हणालो, "मामा, तुमचा हात मोडलाय. आता तरी मला गाडीखाली जाऊ द्या. मी काय साखरेचा आहे का?"

तुम्ही बिडी मातीत विझवलीत. मग सांगितलंत. धम्म घेण्याआधीचा तो काळ. डॉक्टर गावात कुणाच्या घरी आत जायचे आणि तुम्ही बाहेर. दुपारचं जेवण झाडाखाली, पाणी वरून ओंजळीत. एका गावी तुम्ही गाडीच्या पायरीवर बसला होता. कुणी तरी येऊन म्हणालं, खाली बस. तुम्ही ती गाडी हाकत आणली होती, चाक तुमच्या हातात होतं, तरी तुम्ही पायरीवरून उतरलात आणि तिच्या सावलीत मातीवर बसलात. "मी लई बसलो मातीत," तुम्ही म्हणालात. "माझ्या घरात माझा जावई न्हाई बसणार. ह्याच गाडीपाशी न्हाई बसणार."

  माझ्या मनात एक वाक्य होतं आणि ते ओठांवर आलं होतं. मामा, तुम्हाला कुणी तरी बळजबरीनं मातीत बसवलं. मला माझ्या राजीखुशीनं तुमच्या शेजारी बसायचं होतं. या दोन्हींत फरक आहे. हे मी तेव्हा म्हणालो असतो, तर तुम्ही हसला असतात, कदाचित थोडं सरकून मला जागा दिली असतीत. मी म्हणालो, "पाणी आणू का?" तुम्ही म्हणालात, "तुमी बसा. कमल आणंल."

हात बरा झाला आणि त्यानंतर चार महिन्यांनी गाडी खरंच सुरू झाली. त्या वेळी मी हिंगोलीत होतो. तुम्ही मुद्दामच मला बोलावलं नाहीत असं मला आता वाटतं. पुढच्या खेपेला आलो तर गाडी पांढरीशुभ्र रंगवून तयार. रंगावरून आपलं वाजलं ते आठवतं? मी म्हणत होतो, ती मुळात गर्द हिरवी होती, तोच रंग हवा, मूळचं ते मूळचं. तुम्ही म्हणालात, "मूळचं समदं जपायचं काही कारण न्हाई." हा वाद आपण प्रत्येक भेटीत थोडा थोडा घातला आणि शेवटचा शब्द कुणाचाच झाला नाही. आज मी तुमचं म्हणणं मान्य करतो. पांढरीच बरी आहे.

मग शिरड शहापूरची ती फेरी. कमल पुढं तुमच्याजवळ बसली. मी पुढं चढायला गेलो तर तुम्ही मागचं दार उघडून उभे. डॉक्टरांचं बाक, त्यावर मामींच्या गादीचा कापूस. "साहेब, बसा," तुम्ही म्हणालात. थट्टा करत होता असं मला वाटलं. थट्टा नव्हती. सगळ्या रस्त्यानं मी तुमची पाठमोरी मान बघत बसलो. तुम्ही गुणगुणत होता. आपण दोघं कधी नव्हे इतके एकमेकांजवळ होतो आणि मध्ये कमरेइतका एक पत्रा होता.

गावात गाडी थांबली तर एक म्हातारी लगबगीनं आली. "डागदरची गाडी व्हय ही? कित्ती वर्सांनी आली बाई!"

"व्हय," तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात. "साहेब मागं बसलेत."

तिनं दार उघडून गुडघा माझ्यापुढं केला. "लई दुखून राहिला बघा. उठता येत न्हाई, बसता येत न्हाई." मी तुमच्याकडं बघतोय, तुम्ही आकाशाकडं बघताय, कमल पदरात तोंड घालून हसतेय. शेवटी मी म्हणालो, "आजी, कोमट तेल लावा." ती मला तोंडभर आशीर्वाद देऊन गेली. मग आपण हॉटेलात बाकावर बसून कपातून चहा प्यालो. तुम्ही बाहेरच्या एका चिंचेकडं बोट दाखवून म्हणालात, "तिथं बसायचो मी."  कपातला शेवटचा घोट पिऊन तुम्ही आणखी एक चहा मागवलात आणि तो सावकाश, अगदी सावकाश प्यायलात. त्या दिवसासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. मागं बसवलंत त्याचा रागही तितकाच आहे. दोन्ही खरं आहे.

आणि मग हा फाल्गुन. गावाबाहेर हळद शिजत होती, सगळीकडं तिचा वास होता. जेवून तुम्ही गाडीच्या पायरीवर टेकलात आणि तिथंच डोळे मिटलेत. मी हिंगोलीहून पोचलो तेव्हा तुम्हाला आंघोळ घालून झाली होती. तुमच्या नखांतलं काळं तेल मात्र निघालं नव्हतं. त्रिसरण म्हणताना मी त्या नखांकडं बघत होतो.

गेल्या आठवड्यात मामी डाळ निवडत होत्या आणि मी सहज म्हणालो, "त्या दिवशी मामांच्या हातून हँडल निसटलं नसतं तर पाच-सहा महिने वाचले असते." मामींनी सुपातून मान वर केली नाही.

"निसटलं कुठं," त्या म्हणाल्या. "त्यास्नी ठाव होतं की दांडी उलटी हाय म्हणून. बारा वर्सं मारलं हँडल त्यांनी. रात्री मी इचारलं, काहून मारलं मग? तर म्हणले, चार माणसांत जावयाचा शब्द खाली कसा पाडायचा. हात काय, जुळतो."

मामा, मी तिथून उठून गाडीच्या मागं जाऊन उभा राहिलो. मला तुमचा इतका राग आला की काय सांगू! मनगट मोडून घेतलंत, पण मला एका शब्दानं चूक म्हणाला नाहीत. कुणाला सांगितलं नाहीत, मला तर नाहीच. तुम्ही मला बोलायला हवं होतंत, मामा. सगळ्यांसमोर बोलायचं होतंत. "गाढवा, हात मोडशील माझा, ठेव ते पुस्तक!" एवढं म्हणायचं होतंत. माझा चुलता हिरमुसला असता, कचेरीतले दोघं हसले असते, आणि मी त्या दिवशी तुमचा मुलगा झालो असतो. माझी अब्रू तुम्ही राखलीत. मला ती नको होती. तिच्या बदल्यात तुमची एक शिवी मी आनंदानं घेतली असती. त्याच वेळी मनात येतं, माझ्यासाठी इतकं दुखणं हसत सोसणारा दुसरा कोण होता माझ्या आयुष्यात? राग धरावा तर हे आठवतं. पाया पडावं म्हटलं तर तुम्ही नाही.

परवा सकाळी मी ठरवलं, गाडी उभी राहून चालायची नाही. तुम्हीच म्हणायचात, गाडी उभी राहिली की मरते. मी तुमची जुनी बंडी अंगात घातली. आधी तिच्याखाली शिरलो. काही दुरुस्त करायचं नव्हतं, नुसता शिरलो. पाठीवर पडून वर बघितलं. तुमच्या डोळ्यांना तीन वर्षं काय दिसत होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. मातीला तेलाचा वास होता. तिथं दोघांना पुरेल इतकी जागा आहे, मामा. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो.

मग बाहेर येऊन दांडी खाली ओढली आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्यात ती बोलू लागली. कमल दारात आली, मामी चुलीपुढून उठून ओट्यावर आल्या. मी चाकामागं बसलो. तुमच्या जागेवर मी कधी बसलो नव्हतो. गाडी कशी चालवतात हे मला माहीत होतं, म्हणजे मी ते वाचलं होतं. पहिला गिअर कुठं असतो त्याचं चित्र पुस्तकात होतं. मी तो घातला, क्लचवरचा पाय उचलला, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी सरळ मागं सुटली. न्हाणीच्या दगडावर चढली. मागं काही तरी मोठ्यानं फुटलं. पाण्याचा लोट अंगणात पसरला. मी कसाबसा ब्रेक दाबला.

"आरं, डोळे फुटले का तुझे!"

मामी होत्या. पदर डोक्यावरून पडलेला, हातात फुंकणी. त्या तशाच पाण्यातून माझ्यावर चालून आल्या. "रांजण फोडला की रं मेल्या! सकाळधरनं दहा खेपा करून भरला म्या! येत न्हाई तर बसायचं काहून त्या गाडीत? काही अक्कल हाय का न्हाई? तुझ्या बापानं तीन वर्सं हाडं झिजवली ह्या गाडीपायी, अन् तू एका घडीत भंगार करतू व्हय रं गाढवा!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. फुंकणी खाली गेली, पदर डोक्यावर आला, हात तोंडावर गेला. "पावणे," त्या कशाबशा म्हणाल्या, "तोंडातून गेलं. मनात धरू नका."

 मी तुमच्या जागेवर बसून लहान पोरासारखा रडत होतो आणि खाली इंजिन चालू होतं. तुम्ही गेल्यावर मला रडू आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. कमल धावत आली, तिला वाटलं मला लागलं. मी नाही म्हणून मान हलवली. इंजिन बंद केलं, खाली उतरलो, ओल्या चिखलातून खापऱ्या वेचून कडेला ठेवल्या आणि ओसरीतली घागर उचलली. "पावणे, ठेवा ती," मामी म्हणाल्या. मी ठेवली नाही. त्या दोन पावलं माझ्यामागं आल्या आणि मग थांबल्या. मी अंगणातून बाहेर पडून आडाच्या वाटेला लागलो.

"हळू जा," मामी मागून ओरडल्या. "आडावर शेवाळ हाय. घागर फोडलीस तर बघ."